हौदाचं पान

माणूस मारायला फार काही लागत नाही. बोटाएवढी एक हिरवी पट्टी, तिला जोडलेली काळी केबल आणि मराठीतला एक साधा शब्द एवढ्या सामानात काम भागतं, हे मी स्वतःच्या हातांनी जवळजवळ सिद्ध करून दाखवलं आहे. त्या वाक्यातला 'जवळजवळ' माझ्या वहिनीमुळे टिकला. नाहीतर तो मला खोडावा लागला असता, आणि मग हे लिहायला मी बसलोच नसतो.

मी बेळगावात एका फौंड्रीत नोकरीला आहे. ओतलेला माल तपासायच्या विभागात बसतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतो. आमचा थोरला भाऊ, अण्णा, बोरगावजवळच्या मळ्यात राहतो. ऊस आहे, म्हशी आहेत. म्हशींच्या शेणावर गोबरगॅस आणि गोबरगॅसवर वहिनीचा स्वयंपाक. गॅस काढून झाल्यावर जी शेणाची पातळ स्लरी उरते ती गोठ्यामागच्या जमिनीतल्या हौदात पडते आणि तिथून पंपाने उसाला जाते. हौद म्हणजे माणूस तळाशी उभा राहून हात वर करील तरी काठ सापडणार नाही एवढा खोल. वर स्लॅब, स्लॅबला एक चौकोनी तोंड, तोंडावर लोखंडी झाकण. वर्षभरात तळाला रेती आणि शेणाचा चोथा बसतो, पंप धापा टाकायला लागतो. मग उन्हाळ्यात अण्णा शिडी लावून आत उतरतो आणि बादल्या भरून गाळ वर देतो. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं.

मग नदीपलीकडच्या एका गावात तसल्याच एका हौदात एकजण उतरला तो वर आलाच नाही. त्याला काढायला त्याचा भाऊ उतरला. त्या भावाला काढायला शेजारचा. ते घर वहिनीच्या माहेरच्या नात्यातलं. ती तिथे जाऊन आली आणि त्या दिवसापासून अण्णाला हौदाच्या झाकणावर नुसतं उभंही राहू देईना. झाकणावर ऊन खात बसलेली मांजरंसुद्धा हाकलायची.

अण्णाला हे बाईमाणसाचं भित्रेपण वाटायचं.

"वास येतोय तवर उतरायचं न्हाय. वास गेला की उतरायचं," तो म्हणायचा. "एवढा साधा हिशोब हाय."

हा हिशोब चुकीचा आहे हे मला माहीत होतं. आमच्या फौंड्रीत सुरक्षेचं प्रशिक्षण असतं. त्यात मी मागच्या रांगेत बसून डुलक्या घेतो. तरी एक वाक्य कसं कोण जाणे डुलकीतून आत शिरलं होतं: सडक्या अंड्यासारखा वास मारणारा हा गॅस वाढला की आधी नाक मारतो. वास गेला असं वाटतं तेव्हा वास गेलेला नसतो, नाक गेलेलं असतं. मी हे अण्णाला सांगितलं. त्याने नाकाला हात लावून बघितलं आणि म्हणाला, "हाय की जाग्यावर."

शेवटी वहिनी माझ्याकडे वळली. "भावजी, तुमी सारखं कंप्युटर कंप्युटर करत असताय. त्या भोकात काय हाय ते वरनं कळंल असं कायतरी करा. न्हायतर ह्यास्नी तुमच्या कंपनीत घ्या, झाडायला घ्या, मला चालतंय."

इथे सरळ माणसाने गॅस मोजायचं खरं यंत्र आणलं असतं. आमच्या कंपनीत ते कपाटात आहे. पण ते मागायचं तर सुरक्षा अधिकाऱ्याला विचारावं लागतं. त्याने विचारलं असतं, कोण उतरतंय. मी म्हटलं असतं, भाऊ. तो म्हणाला असता, कुणीच उतरू नये. शहाण्या माणसाला विचारण्यात ही अडचण असते, उत्तरही शहाणंच येतं.

म्हणून मी स्वतःच यंत्र करायचं ठरवलं.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एक बारका मेंदू असलेली पट्टी. खिशात राहते, धुवायला टाकलेल्या शर्टातही सापडते. माझ्याकडे तसल्या दोन-तीन पडून होत्या, कारण त्या मागवताना मला मी फार मोठा माणूस वाटतो. आमच्या मळ्यात मोबाईलला दोन राज्यांची रेंज येते आणि म्हणून एकाचीही धड येत नाही. उसाच्या या बांधाला फोन कर्नाटकात असतो, त्या बांधाला महाराष्ट्रात, आणि घरात कुठेच नसतो. तेव्हा इंटरनेटवर काही टाकायचा प्रश्नच नव्हता. पण ही पट्टी यूएसबीच्या केबलने संगणकाला जोडली की संगणकाला वाटतं, नवीन नेटवर्कच आलं. ब्राउझर उघडून आकड्यांचा एक पत्ता टाकला की त्या बोटभर पट्टीतून एक पान निघून पडद्यावर येतं. वीजही त्याच केबलमधून जाते. म्हणजे अख्खा वेब सर्व्हर, जगातल्या एकाच गिऱ्हाइकासाठी. पट्टीला मी गॅसचा स्वस्तातला सेन्सर लावला, त्याची लांब वायर खिडकीतून गोठ्यामागे नेली आणि हौदात सोडली. संगणक पुतणीचा होता, तिच्या कॉलेजपायी ती हुबळीला गेल्यावर सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, धूळ खात पडलेला. पानावर हिरवं आलं तर 'ठीक', लाल आलं तर 'धोका'.

अण्णाने सगळं बघितलं. "ह्येच्यापरीस भोंगा लाव की रं," तो म्हणाला. "दुधाच्या गाडीला असतोय तसला. वाजला की कळंल."

मी त्याच्याकडे दयेने बघितलं. भोंगा कुणीही लावतो. सर्व्हर कोण लावतो?

पहिल्या रविवारी सेन्सर हौदाच्या तोंडाशी धरला आणि पान लाल झालं, झाकण बराच वेळ उघडं राहिल्यावर परत हिरवं. घरातल्यांनी मान डोलावली. वहिनीने त्या दिवशी मला दोनदा आमरस वाढला. संगणक बंद करू नका, पान उघडंच ठेवा, असं बजावून मी बेळगावला परतलो.

पुढच्या रविवारी गेलो तर अण्णा दारातच बसलेला. चेहऱ्यावर विजय.

"काय इंजिनेर? आठवडाभर ठीक दावतंय तुझं मशीन. एकदापण लाल न्हाय. उतरू काय आता?"

मला तर आनंदच झाला. आत जाऊन पान बघितलं. हिरवं, ठसठशीत, 'ठीक'. वहिनी तेवढ्यात टेबलामागे केरसुणी घालत होती. ती वाकली आणि माझी काळी केबल हातात धरून उभी राहिली. केबलचं टोक मोकळं होतं. पट्टी भिंतीच्या कडेला धुळीत पडली होती, दिवा विझलेली. संगणकाच्या त्या भोकात दुसरीच काळी केबल होती आणि तिच्या टोकाला अण्णाचा फोन चार्ज होत होता.

"हे कवापासनं?" वहिनीने विचारलं.

"सोमवारपासनं आसंल," अण्णा म्हणाला. "का? दुसरीकडं चार्ज हुईत न्हाय लवकर."

पडद्यावर पान तसंच होतं, हिरवं. सर्व्हर मेला होता आणि त्याचं शेवटचं वाक्य पडद्यावर जिवंत होतं. हे असं का झालं हे मला लगेच कळलं, आणि ते सांगायला लाज वाटते म्हणून सांगतोच. पान थोड्या थोड्या वेळाने पट्टीला विचारायचं, काय हालहवाल. उत्तर आलं नाही तर काय करायचं, हे लिहिताना मी ठरवलं होतं की काहीच करायचं नाही, आधीचंच दाखवत राहायचं. कारण मध्येच 'उत्तर नाही' असं काहीबाही आलं की पान वाईट दिसतं.

त्या आठवड्यात अण्णा उतरला असता तर हिरव्या अक्षरांच्या भरवशावर उतरला असता. वहिनीने केबल माझ्या हातात दिली आणि केर भरायला गेली.

मी तिथेच बसून दुरुस्ती केली. आता उत्तर आलं नाही की अख्खं पान काळं होणार. केबल चिकटपट्टीने संगणकाला गुंडाळून टाकली. अण्णाला फोनसाठी वेगळा प्लग आणून दिला. दुरुस्ती करता करता मला आणखी सुचायला लागलं, आणि मला सुचायला लागलं की जवळच्या माणसांनी घर सोडून जावं हे उत्तम. एकच पान कशाला? हौदाचं एक, गोठ्याचं एक, मोटारीचं एक. मग कुठलं पान कशाचं हे कळायला वर नाव नको का? अण्णा म्हणालाही होता की अक्षरं दारातून दिसत नाहीत. म्हणून मी पानाच्या माथ्यावर पडदाभर अक्षरांत लिहिलं: हौद. आणि खाली ठीक किंवा धोका.

मराठीत हौद म्हणजे पाणी साठवायची टाकी. आमच्या भागातल्या कन्नडात 'हौद' म्हणजे होय. पुस्तकात त्याला शेवटी उकार असतो, पण चिकोडी-रायबागकडच्या बोलण्यात तो गळून पडतो आणि राहतो तो आपला मराठी हौदच. मला हे माहीत नव्हतं अशातला भाग नाही. मी शाळेत कन्नड शिकलो, ऑफिसात दिवसभर 'हौद्री, हौद्री' करत साहेबांपुढे मान हलवतो. पण एका डोक्यात दोन भाषा नांदतात तेव्हा त्या शेजारणींसारख्या भिंतीला भिंत लावून राहतात आणि एकमेकींच्या चुलीवर काय शिजतंय ते बघत नाहीत.

साफसफाईला मेस्त्री आला. हा रायबागकडचा गवंडी, अण्णाचा जुना माणूस. गोबरगॅसचं बांधकामही त्याचंच. त्याला मराठी समजतं पण तो बोलतो कन्नडच. अण्णा त्याच्याशी कन्नडात बोलतो आणि शिव्या मराठीत देतो. आदल्या दिवशीच स्लरी उपसून झाकण काढून ठेवलं होतं. सकाळपासून तोंडाशी मोठा पंखा लावला होता. वहिनीने गाडीचा जाड दोर आणला आणि अण्णाच्या कमरेला स्वतः बांधला.

"मी काय बैल हाय व्हय?" अण्णा म्हणाला.

"बैलाला बांधायला लागत न्हाय. त्यो आत जातच न्हाय," वहिनी म्हणाली.

दोराचं दुसरं टोक ट्रॅक्टरच्या हुकाला. मी सोप्यात पडद्यासमोर, खिडकी उघडी. खिडकीतून हौद दिसायचा नाही, गोठा आड यायचा, पण गोठ्याच्या कोपऱ्यावर उभा असलेला मेस्त्री दिसायचा आणि त्याच्या हातातला बादलीचा दोरही. त्याने विचारायचं, मी पान बघून सांगायचं, त्याने अण्णाला सांगायचं. ही व्यवस्था माझी.

सकाळी पान लालच होतं. मेस्त्री स्वतः खिडकीशी येऊन बघून गेला. त्याला मराठी अक्षर येत नाही, पण लाल सगळ्यांना येतं. दुपार कलायच्या आत हिरवं झालं. मी खिडकीतून अंगठा दाखवला. अण्णा उतरला. वहिनी तोंडाशी दोर धरून उभी. मी पडद्यावरची नजर हलवली नाही. बादल्या वर आल्या, मग अण्णा वर आला, घामाने निथळत आणि हसत. एवढी भीती घालून ठेवलेला तो हौद एकदम अगदी साधा वाटायला लागला. मला वाटतं, सगळं तिथेच बिघडलं. माणूस एकदा आत जाऊन परत आला की पुढच्या वेळी कुणी तेवढं बघत नाही.

चहा झाला, अण्णाच्या कमरेचा दोर तसाच होता. वहिनी भात टाकायला आत गेली. एका कोपऱ्यात गाळाचा थर घट्ट बसला होता म्हणून अण्णाने वरूनच लांब बांबू घालून तो ढवळला, फोडला, परत ढवळला. खाली काय कोंडून बसलं होतं ते तेव्हा सुटलं. हे मला मागाहून कळलं. तेव्हा मी पडद्यासमोर बसून चहाच्या कपातली माशी काढत होतो. शेजारच्या मळ्यात कुणीतरी कडबाकुट्टी सुरू केली होती आणि तिचा खडखडाट सगळीकडे भरून राहिला होता.

मेस्त्री कोपऱ्यावर आला. तोंडाशी हात धरून त्याने विचारलं, "साहेब्रे, इळीबहुदेन्री?" उतरता येईल का?

मी पडद्याकडे बघितलं आणि माझ्या डोळ्यांदेखत अक्षरं हिरव्याची लाल झाली. यंत्र चालत होतं. अगदी वेळेवर, अगदी बरोबर. आणि मी, कन्नडात आलेल्या प्रश्नाला, शाळेतलं पोर धडा वाचतं तसं पडद्यावर होतं ते वरपासून वाचलं.

"हौद, धोका."

जोरात ओरडलो. पहिला शब्द तर फारच जोरात. दुसरा कडबाकुट्टीने खाल्ला.

आमच्याकडे कन्नडात विचारलेल्याला मराठीत उत्तर देणं हे रोजचंच आहे. बाजारात, बसमध्ये, बँकेत, नवराबायकोतही. कुणाचं त्याने अडत नाही. मेस्त्रीने हात वर करून समजल्याची खूण केली आणि तो वळला. निरोप पोचला म्हणून मी समाधानाने मागे टेकलो. मग मला वाटलं, पान लाल झालेलं काय सुंदर दिसतंय. ऑफिसात दाखवायला हवं. मी खिशातून फोन काढला आणि पडद्याचा फोटो काढला. तो नीट आला नाही, उजेड चमकत होता. म्हणून खुर्ची सरकवून आणखी एक काढला.

वहिनी हातात पळी घेऊन दारात आली. तिने पडदा बघितला.

"लाल झालंय."

"आत्ताच झालं. सांगितलं मी."

"म्हंजे हे वरच हायत न्हवं?"

"व्हय की वैनी. थांबलाय तो."

ती खिडकीबाहेर बघत होती. मेस्त्री कोपऱ्याच्या पलीकडे सरकला होता, त्याची पाठ तेवढी दिसत होती, आणि त्याच्या हातातून दोर हळूहळू खाली सरकत होता.

"मग बादली कुणाला सोडतोय त्यो?" वहिनी म्हणाली.

पळी पडल्याचा आवाज मला आठवतो. वहिनी कुठून गेली ते आठवत नाही. मी दारातून निघालो तेव्हा ती गोठा ओलांडत होती. मी पोचलो तेव्हा मेस्त्री तोंडावर वाकून आत बघत होता, अजून काही कळलं नव्हतं त्याला. आतून अण्णाचा आवाज आला, नेहमीचा, जरा खुशीतलाच.

"वास तर पार गेलाय बघ."

मग बादली आपटल्याचा आवाज. मग काही नाही. पंखा फिरत होता, कडबाकुट्टी खडखडत होती, आणि त्या चौकोनातून काहीच वर येत नव्हतं.

मी काय केलं ते सांगतो. मी शिडीवर पाय ठेवला. ज्याने प्रशिक्षण घेतलं होतं, ज्याला नदीपलीकडची गोष्ट ठाऊक होती, ज्याच्या स्वतःच्या पानावर लाल अक्षरांत धोका लिहिलेलं होतं, तो मी, विचार न करता खाली निघालो. दुसऱ्या पायरीवर मागून कुणीतरी माझ्या शर्टाची कॉलर धरली आणि मला उचलून शेणात बसवलं. वहिनी माझ्यापेक्षा वीतभर बुटकी आहे.

"एक पुरे," ती म्हणाली. एवढंच. आवाज चढला नाही. मग अण्णाच्या कमरेच्या दोराला हात घातला.

आम्ही तिघांनी ओढलं. अण्णा जड होता, आणि नुसता जड नव्हता, तो मदत करत नव्हता. आपण ज्याला आयुष्यभर ओळखतो तो माणूस दोराच्या टोकाला पोत्यासारखा लोंबतो तेव्हा दोर वेगळाच लागतो हाताला. तोंडाशी त्याचे खांदे अडकले. मेस्त्रीने पालथं पडून एक खांदा फिरवला, वहिनीने केसाला धरलं, आणि तो बाहेर आला. ओठ निळे. त्याला वाऱ्याच्या तोंडाला उघड्यावर नेऊन टाकलं. वहिनी त्याच्या छातीवर हात ठेवून बसली. ती रडत नव्हती, मोजत असल्यासारखी दिसत होती. बऱ्याच वेळाने, की लगेचच, छाती हलली. घशातून खरवडल्यासारखा आवाज आला. मला तो आवाज आजही कुठेही ऐकू येतो, कुकरच्या शिट्टीआधी, बसच्या दारात.

शेजाऱ्याच्या जीपमधून निपाणीला नेताना मेस्त्री माझ्यासमोर बसला होता. अण्णाचे पाय त्याच्या मांडीवर. निम्म्या वाटेत तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "नीव हौद अंदिरी." तुम्ही होय म्हणालात.

मी म्हटलं, मी होय नाही म्हटलं, मी धोका म्हटलं.

"हौद अंदिरी," तो परत म्हणाला, हळू.

तेव्हा दोन्ही शेजारणींच्या मधली भिंत पडली. मला माझाच आवाज ऐकू आला, खिडकीतून गेलेला, मोठ्याने, ठासून. हा प्रसंग मी पुढे ऑफिसात सांगितला तेव्हा इथे लोक खो खो हसले. मीही तो हसण्याजोगाच सांगतो. जीपमध्ये कुणी हसलं नाही. वहिनीला कन्नड फारसं येत नाही, ती कागलची. तिने विचारलं, काय म्हणतोय तो. मी सांगितलं. तिने अण्णाच्या तोंडावरची माशी हाकलली आणि बाहेर बघायला लागली.

दवाखान्यात अण्णाला ऑक्सिजनवर ठेवलं. फुफ्फुसात पाणी होतंय का ते बघावं लागेल, डॉक्टर म्हणाले. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिल्यांदा विचारलं, "गाळ किती राहिलाय?" वहिनी उठून बाहेर गेली. ती परत आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते.

अण्णा घरी आला. पण आता तो बोलता बोलता मध्येच थांबतो आणि खाली बघतो, जमिनीतून कुणी हाक मारल्यासारखा. मग वाक्य पुढे नेतो, कधी नेत नाही. हौदातलं त्याला काही आठवत नाही. फक्त एक आठवतं.

"मला कुणीतरी हो म्हटलंतं," तो एकदा म्हणाला.

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. पान, माथ्यावरचं नाव, कन्नड, मराठी. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"मग बरोबर हाय की. मी इचारूनच उतरलोतो." तो म्हणाला. "पुढल्या बारीला तू कन्नडात नुसतं 'बेड' म्हण. नको म्हणायला लई सोपं हाय."

पुढल्या बारीला. वहिनी भाकरी थापत होती, तिचा हात परातीवरच थांबला. मला वाटत होतं, मरता मरता वाचलेला माणूस शहाणा होऊन येतो. अण्णा फक्त वाचून आला होता. त्याच्या लेखी यंत्र बरोबर होतं, दोर बरोबर होता, तो स्वतः बरोबर होता, माझ्या तोंडातला एक शब्द तेवढा बदलायचा होता. आणि उन्हाळा दरवर्षी येतो.

पान मी काढून टाकलं. या खेपेला शेवटी कंपनीतल्या सुरक्षा अधिकाऱ्याला विचारलं. त्याने मला उभ्या उभ्या झापलं आणि मग वरूनच गाळ ओढणारा पंप भाड्याने कुठे मिळतो ते सांगितलं. माणूस आत जायची गरजच नाही, म्हणाला. मी हे मळ्यात येऊन सांगितलं. अण्णा म्हणाला, पंपाला कोपरे जमत न्हाईत. वहिनीने त्याच्याशी वाद घातला नाही. तिने मेस्त्रीला निरोप धाडला.

मेस्त्री विटा आणि सिमेंट घेऊन आला. हौदाचं चौकोनी तोंड त्याने चारी बाजूंनी विटांनी आत आत घेत आणलं, पंपाची नळी जाईल एवढं भोक ठेवत. अण्णा पेंडीच्या पोत्यावर बसून बघत होता. कुणी त्याला काही सांगितलं नव्हतं, त्यानेही विचारलं नाही. काम आवरत आल्यावर तो उठला, चपला काढल्या, गुडघे टेकले आणि ओल्या सिमेंटची पर्वा न करता त्या भोकात खांदे घालून बघितले. आधी सरळ, मग तिरके. त्याच्या कानाजवळ आतला काळोख होता. मेस्त्री थापी धरून तसाच उभा.

अण्णा बाहेर आला, सदऱ्याचं सिमेंट झटकलं.

"बसत न्हाय," तो म्हणाला.

वहिनीने श्वास सोडला.

तो अजून भोकाकडेच बघत होता. मग त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं, खांद्यापासून खांद्यापर्यंत.

"पर बारकं माणूस जाईल की," तो म्हणाला. "ह्यो जाईल."

वहिनीनेही माझे खांदे बघितले. मग ती मेस्त्रीकडे वळली, त्याच्या डोळ्यांसमोर एक बोट धरलं आणि आपल्या मोडक्या कन्नडात एक-एक शब्द सुटा करून म्हणाली, "इन्नोंद. रांग." विटांची अजून एक रांग.